मेंदूची पारख: न्यूरोसायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर

इटलीतल्या मिलान शहराच्या मधोमध एक भव्य कॅथेड्रल आहे आणि त्याच्यासमोर तितकाच प्रसिद्ध चौक. एदुआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती या दोन संशोधकांनी १९७८ साली या चौकाच्या आधारे मेंदूविषयी एक थक्क करणारी गोष्ट दाखवून दिली. त्यांच्याकडे आलेल्या दोन रुग्णांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली होती. चौक दोघांच्याही चांगल्या परिचयाचा. संशोधकांनी त्यांना सांगितलं, ‘तुम्ही चौकाच्या पलीकडच्या टोकाला, कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा. काय काय दिसतं?’ रुग्णांनी उजव्या हाताच्या इमारती नीट सांगितल्या, डाव्या हाताच्या जवळजवळ वगळल्या. मग सांगितलं, ‘आता कॅथेड्रलच्या दाराकडे पाठ करून उभे राहा.’ मघाशी सुटलेल्या इमारती आता उजवीकडे आल्या होत्या, त्या त्यांना आठवल्या. आणि दोन मिनिटांपूर्वी ज्यांची नावं घेतली होती, त्या आता डावीकडे गेल्यामुळे वगळल्या गेल्या.

आठवण शाबूत होती. अख्खा चौक डोक्यात कुठेतरी होता. मनात उभ्या केलेल्या चित्राच्या डाव्या अंगाकडे लक्ष मात्र जात नव्हतं. या विकाराला ‘निग्लेक्ट’ म्हणतात. असा रुग्ण ताटातली उजव्या बाजूची भाजी खातो आणि डावीकडचं तसंच ठेवतो. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो. आपलं काही चुकतंय असं त्याला बहुधा वाटतही नाही.

या प्रयोगाला यंत्र लागलं नव्हतं. नेमका प्रश्न लागला आणि उत्तर धीरानं ऐकणारा माणूस लागला. न्यूरोसायकॉलॉजी हे या दोन गोष्टींवर उभं राहिलेलं शास्त्र आहे. एमआरआयमध्ये डाग कुठे आहे ते दिसतं. त्या डागामुळे या माणसाचं नेमकं काय गेलं आणि काय उरलं, तो पुन्हा दुकानाचा हिशेब ठेवू शकेल का, रिक्षा चालवू शकेल का, दहावीच्या परीक्षेला बसू शकेल का, हे चित्रात दिसत नाही. ते शोधून काढणं हे न्यूरोसायकॉलॉजिस्टचं काम.

घरोघरी या टप्प्यावर एक प्रश्न ठरलेला असतो: ‘मग हा डॉक्टरच ना?’ नाही. न्यूरोलॉजिस्ट एमबीबीएस, एमडी करून पुढे मेंदूविकारांत डीएम करतो. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर एमडी करतो. दोघंही औषधं लिहून देतात. न्यूरोसायकॉलॉजिस्ट मानसशास्त्राच्या वाटेने येतो आणि औषधं देत नाही. स्मृती, लक्ष, भाषा, नियोजन, अंतराचा आणि आकाराचा अंदाज या क्षमता तो कसोट्यांनी मोजतो, त्याचा अहवाल देतो आणि गेलेल्या क्षमतांच्या पुनर्वसनाची आखणी करतो. पक्षाघात, अपघातात डोक्याला लागलेला मार, अपस्मार, मेंदूतली गाठ, स्मृतिभ्रंश, मुलांमधल्या अध्ययन अक्षमता अशा सगळ्यांत त्याची गरज पडते.

हे शास्त्र कसं घडलं हे समजायला ब्रेंडा मिल्नर यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. कॉलेजात गोंधळलेल्या मुलामुलींनी तर ते जरूर वाचावं. १९१८ साली मँचेस्टरला जन्मलेल्या मिल्नर केंब्रिजला गेल्या त्या गणित शिकायला. आपण थोर गणिती होणार नाही हे लक्षात आल्यावर त्या मानसशास्त्राकडे वळल्या. युद्धकाळात १९४४ साली कॅनडात आल्या, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्याकडे पीएचडीला लागल्या आणि १९५० पासून वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाच्या रुग्णांना तपासू लागल्या. पेनफिल्ड अपस्मारावर इलाज म्हणून मेंदूचा दोष असलेला भाग काढत. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णाचं मन कसं आहे, हे पाहणं मिल्नर यांच्याकडे होतं.

तिकडे अमेरिकेत हार्टफर्डला १९५३ साली विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. फिट्सनी त्याचं जगणं अशक्य केलं होतं. दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग आणि त्याबरोबर हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा काढला गेला. फिट्स पुष्कळ कमी झाल्या. पण त्यानंतर घडलेलं काहीही हेन्रीच्या मनात टिकेना. मिल्नर यांनी १९५५ च्या एप्रिलमध्ये त्याला तपासलं, तेव्हा त्याने तारीख सांगितली मार्च १९५३ आणि वय सांगितलं २७.

मिल्नर यांच्या कसोट्यांचे दोन आकडे मात्र फार बोलके आहेत. हेन्रीचा बुद्ध्यंक आला ११२, म्हणजे सरासरीपेक्षा वर आणि शस्त्रक्रियेआधीच्या १०४ पेक्षाही किंचित जास्त. स्मृतीचा अंक आला ६७. एकाच माणसात बुद्धी शाबूत आणि नवी आठवण साठवण्याची शक्ती जवळजवळ शून्य. तोवर स्मृती मेंदूभर पसरलेली असते, असं मानण्याकडे शास्त्रज्ञांचा कल होता. स्कोव्हिल आणि मिल्नर यांच्या १९५७ च्या निबंधाने तो विचार मोडला.

पुढची गंमत त्याहून मोठी आहे. मिल्नर यांनी हेन्रीला आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. हात उलटाच जातो, पहिल्यांदा सगळ्यांचीच फजिती होते. तीन दिवस सराव झाला. रोज त्याचा हात सफाईदार होत गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याने काम जवळजवळ बिनचूक केलं. हे काम आपण पूर्वी कधी केलं आहे, याची मात्र त्याला काहीच आठवण नव्हती. हाताची शिकवण आणि मनाची आठवण या मेंदूच्या वेगळ्या खात्यांत जमा होतात, हे पेन्सिल, कागद आणि आरसा एवढ्या भांडवलावर सिद्ध झालं. हेन्री २००८ साली वारला. त्याच्या मेंदूचे पुढे सॅन दिएगोला २४०१ पातळ काप करून जतन केले गेले. हयातीत मात्र त्याचं नाव जगाला ‘एच. एम.’ एवढंच माहीत होतं. रुग्णाची गोपनीयता पाळायची म्हणजे किती, हे यावरून कळावं.

दुसरं नाव अलेक्सांद्र लुरिया यांचं. हे रशियन मानसशास्त्रज्ञ तिशी ओलांडल्यावर वैद्यक शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनात गुंतले. १९४३ साली जखमी झालेल्या झासेत्स्की या सैनिकाला वाचता येईना, शब्द सापडेनात, आपलं उजवं अंग कुठे आहे ते उमगेना. अक्षरामागून अक्षर आठवून लिहिणं त्याला अशक्य होतं. एकदा त्याला सांगितलं गेलं की विचार न करता, हात न उचलता लिही. आणि हात चालू लागला. स्वतः लिहिलेलं त्याला वाचायला फार कष्ट पडत, तरी पंचवीसेक वर्षं लिहून त्याने सुमारे ३००० पानांचा आत्मवृत्तांत उभा केला. लुरियांचं म्हणणं असं की मेंदूला इजा झालेल्या माणसाची यादी ‘काय येत नाही’ इथे संपवू नये. जे उरलं आहे त्याच्या आधाराने वाट काढता येते. पुनर्वसनाचा पाया अजूनही हाच आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीच्या खोलीत जाऊ. टेबल, दोन खुर्च्या, स्टॉपवॉच, काही चित्रं, काही ठोकळे, कागद. तपासणी सहज दोन-तीन तास चालते, कधी दोन बैठकांत. आधी रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलणं होतं. मग कसोट्या. एक जुनी आणि अजून भरवशाची कसोटी म्हणजे १५ शब्दांची यादी. ती पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे शब्द म्हणून घेतात. मध्ये दुसरी यादी ऐकवून घोटाळा मुद्दाम केला जातो. वीस-तीस मिनिटांनी पहिली यादी पुन्हा विचारतात. किती शब्द आले एवढंच इथे पाहायचं नसतं. पाच फेऱ्यांत आलेख चढतो की सपाट राहतो? शेवटचेच शब्द आठवतात का? दुसऱ्या यादीतले शब्द पहिलीत घुसतात का? आपणहून आठवत नाहीत, पण समोर ठेवले तर ओळखता येतात का? साठवणच झाली नाही आणि साठवलेलं सापडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कारणं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात.

रंगाचं नाव दुसऱ्याच रंगात छापून शाईचा रंग सांगायला लावणारी स्ट्रूपची कसोटी १९३५ पासून चालत आलेली आहे. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत दिसला की जीभ ‘लाल’ म्हणायला धावते. तिला आवरण्याचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो. विस्कॉन्सिनच्या पत्त्यांच्या कसोटीत पत्ते कोणत्या नियमाने लावायचे हे सांगत नाहीत, फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतात. नियम सापडला की परीक्षक तो गुपचूप बदलतो. काही रुग्णांना नियम बदलल्याचं कळतं, तरी हात जुन्याच नियमाने पत्ते लावत राहतो.

सगळ्यांत नाट्यमय म्हणावी अशी चाचणी जुन वाडा या जपानी डॉक्टरने शोधली. मानेतल्या रक्तवाहिनीतून औषध देऊन मेंदूचा एकच अर्धा भाग काही मिनिटं झोपवायचा. रुग्ण जागा असतो, दोन्ही हात वर धरून मोजत असतो. औषध चढताच विरुद्ध बाजूचा हात खाली पडतो आणि भाषेचा अर्धा भाग झोपला असेल तर मोजणं थांबतं. तेवढ्या अवधीत न्यूरोसायकॉलॉजिस्टने चित्रं दाखवून, शब्द विचारून उरलेला अर्धा भाग भाषा आणि स्मृती किती पेलू शकतो ते तपासायचं. अपस्मारासाठी मेंदूचा कोणता भाग काढता येईल आणि कोणत्या भागाला हात लावायचा नाही, याचा निर्णय या मिनिटांवर अवलंबून असे. आता फंक्शनल एमआरआयमुळे ही चाचणी पुष्कळ कमी करावी लागते.

कसोटी घेणं महिन्याभरात शिकता येतं. तिचा अर्थ लावणं कठीण, आणि तो अर्थ संख्याशास्त्रात असतो. समजा, यादीतले सहा शब्द आठवले. हे बरं की वाईट? रुग्णाचं वय आणि शिक्षण कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्याच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या निरोगी लोकांची सरासरी १० असेल आणि प्रमाण विचलन २ असेल, तर सहा हा आकडा दोन विचलनांनी खाली आहे. शंभरात साधारण दोघंच एवढे खाली असतात. पण तोच आकडा शाळेत न गेलेल्या ७८ वर्षांच्या आजींचा असेल तर कदाचित चिंतेचं काहीच कारण नाही. तुलनेच्या या तक्त्यांना ‘नॉर्म्स’ म्हणतात. नॉर्म्स चुकीचे वापरले तर धडधाकट माणसाला स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो किंवा खरा आजार वर्षभर निसटतो.

इथे मराठी विद्यार्थ्याने कान टवकारावेत. या क्षेत्रातल्या बहुतेक कसोट्या इंग्रजीत, युरोप-अमेरिकेत घडल्या. बोस्टन नेमिंग टेस्ट या नामांकित कसोटीत ६० रेखाचित्रं ओळखायची असतात. त्यांत इग्लू आहे, बीव्हर हा प्राणी आहे, प्रेट्झेल हा खाद्यपदार्थ आहे. जतच्या किंवा मेळघाटातल्या माणसाला प्रेट्झेलचं नाव आलं नाही, तर दोष भाषा सांभाळणाऱ्या त्याच्या डाव्या मेंदूचा मानायचा का? स्मृतिभ्रंशाचा अंदाज घेणारी १९७५ सालची ३० गुणांची प्रसिद्ध एमएमएसई चाचणी कागदावरचं वाक्य वाचून त्याप्रमाणे डोळे मिटायला सांगते. निरक्षर माणसाचा गुण तिथेच जातो. हरियाणातल्या बल्लभगढ भागात ग्रामीण वृद्धांची पाहणी करणाऱ्या भारत-अमेरिका पथकाने १९९५ च्या सुमारास तिची हिंदी आवृत्ती केली, तेव्हा वाचायच्या जागी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’ म्हणून परीक्षकाने स्वतः डोळे मिटायचे असं ठरवलं. बदल छोटा आहे, पण त्यामागे या विद्येची खरी समज आहे.

शब्दओघाची कसोटी घ्या. इंग्रजीत एका मिनिटात एफ, ए, एस या अक्षरांनी सुरू होणारे शब्द सांगायचे असतात. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या संचात भारतीय भाषांसाठी क, प, म ही अक्षरं घेतली आहेत. आता मराठीत विचार करा. ‘क’ दिल्यावर ‘कमळ’, ‘कपाट’ ठीक. ‘कागद’ चालेल का? ‘कुत्रा’? ‘क्रम’? शिकलेल्या माणसाला बाराखडी डोळ्यांपुढे दिसते, शाळेत न गेलेल्याला फक्त ध्वनी ऐकू येतो. सूचना कशी द्यायची हे आधी पक्कं केलं नाही तर दोन तपासनीसांचे आकडे जुळणार नाहीत. म्हणून निरक्षर व्यक्तीला एका मिनिटात प्राण्यांची नावं विचारणं अधिक न्याय्य ठरतं.

लिपीचाही संबंध येतो. इंग्रजी एका ओळीत डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. देवनागरीत मात्रा वर जाते, उकार खाली जातो, काना उजवीकडे येतो आणि ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारायची. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात हिंदी वाचकांवर झालेल्या फंक्शनल एमआरआय अभ्यासात देवनागरी वाचताना मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात असं दिसलं. मग डावी बाजू निसटणारा मिलानच्या रुग्णांसारखा मराठी माणूस ‘किती’ हा शब्द कसा वाचेल? एखाद्या पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प म्हणून घ्यायला हा प्रश्न काय वाईट आहे!

बहुभाषकतेवरचं महत्त्वाचं कामही आपल्याच देशात झालं. हैदराबादच्या निजाम संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष मांडला, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली होती, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. युरोप-अमेरिकेत असा अभ्यास करताना दुसरी भाषा येणारे बहुधा स्थलांतरित निघतात, त्यामुळे भाषेचा परिणाम कोणता आणि स्थलांतराचा कोणता हे वेगळं काढता येत नाही. हैदराबादेत तेलुगू, दख्खनी, हिंदी, इंग्रजी हे रोजचंच बोलणं.

निमहान्सने २००४ साली प्रसिद्ध केलेला कसोट्यांचा संच वय, लिंग आणि शिक्षणानुसार भारतीय नॉर्म्स देतो, त्यात निरक्षरांसाठीही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशासाठी पुढे जो संच तयार केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भारतीय भाषांत. त्या यादीत मराठी नाही. याची खंत करत बसण्यापेक्षा ही जागा रिकामी आहे हे ओळखावं. उत्तम मराठी, त्यातही आपल्या भागाची बोली, हे मराठी विद्यार्थ्याचं या पेशातलं भांडवल आहे; इंग्रजी माध्यमात शिकून ते गमावलं असेल तर कॉलेजच्या वर्षांत परत मिळवता येतं.

तर मग कॉलेजात करायचं काय? पहिलं, संख्याशास्त्राची भीती मोडायची. आपल्याकडे पुष्कळ मुलं ‘गणित सुटलं’ म्हणून कलाशाखेत येतात आणि मानसशास्त्र घेतात. या पेशात गणित सुटत नाही. सरासरी, विचलन, सहसंबंध, चाचणीची विश्वसनीयता आणि वैधता हे पाठ करून भागत नाही, हाताने करून पाहावं लागतं. आता नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्यायची सोय केली आहे. मानसशास्त्राबरोबर संख्याशास्त्र, जीवशास्त्र, भाषाशास्त्र किंवा संगणक यांपैकी जे आपल्या कॉलेजात मिळेल ते घ्यावं. मला विचाराल तर पहिली पसंती संख्याशास्त्राला. आर ही संगणकभाषा किंवा जॅस्प हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांना शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्पाची संधी मिळते. ती नाव छोटं, काम पक्कं अशा विषयासाठी वापरावी.

दुसरं, मेंदूची रचना. मॉडेल्स आणि चित्रं ठीक आहेत, पण निमहान्समध्ये मेंदूंचं एक संग्रहालय आहे. सामान्य लोकांसाठीही ते खुलं असतं आणि तिथे खरा मानवी मेंदू हातात घेऊन पाहता येतो. सव्वा-दीड किलोचा तो गोळा तळहातावर आला की पाठ्यपुस्तकातली नावं एकदम जागच्या जागी बसतात. कॉलेजची सहल गोव्याच्या किनाऱ्याऐवजी एकदा बंगळुरूला न्यावी, असं मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना सुचवावंसं वाटतं. पोरं नाराज होतील, होऊ द्यात.

तिसरं आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित: माणसांजवळ बसायची सवय. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची दिवसाची केंद्रं, पक्षाघातानंतरची पुनर्वसन केंद्रं, विशेष शाळा इथे मदतनीस म्हणून जाता येतं. वाचाघात झालेल्या माणसाचं वाक्य पूर्ण व्हायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं मध्ये न बोलता थांबणं हे कौशल्य आहे आणि ते वर्गात शिकवता येत नाही. त्या वेळी टिपणं ठेवावीत, पण नावं-गावं न लिहिता. ‘रुग्ण चिडचिडा आहे’ असं लिहू नये; ‘तिसऱ्यांदा विचारल्यावर कागद दूर सारला’ असं लिहावं. पुढे अहवाल लिहिताना ही सवय फार उपयोगी पडते.

एक इशाराही द्यायला हवा. इंटरनेटवर सापडलेल्या कसोट्या आजोबांवर, चुलतभावांवर करून पाहायचा मोह होतो. तो आवरावा. या कसोट्या एकदा अनुभवलेल्या माणसाला पुढच्या वेळी सरावाचा फायदा मिळतो, आणि खरी तपासणी करायची वेळ आली की निकाल बिघडलेला असतो. प्रशिक्षणाशिवाय कुणाला ‘तुमची स्मृती कमी आहे’ सांगणं तर घातकच.

वाचनासाठी सुरुवातीला मराठीत सुबोध जावडेकरांचं ‘मेंदूच्या मनात’ आणि अच्युत गोडबोल्यांचं ‘मनात’ आहे. मग लुरिया, ऑलिव्हर सॅक्स, व्ही. एस. रामचंद्रन. म्युरिएल लेझाक यांचा ‘न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट’ हा १९७६ पासूनचा ग्रंथ या विद्येचा आधारस्तंभ मानला जातो. तो कॉलेजात अख्खा वाचायची गरज नाही, ग्रंथालयात हाताळून ठेवावा.

शिक्षणाची शिडी भारतात अशी आहे. मानसशास्त्रात पदवी, मग एमए किंवा एमएस्सी, मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं चिकित्सा मानसशास्त्राचं (क्लिनिकल सायकॉलॉजीचं) व्यावसायिक प्रशिक्षण. न्यूरोसायकॉलॉजिस्ट अशी स्वतंत्र परवान्याची पाटी इथे नाही. आधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं, मग मेंदूविकारांच्या विभागात काम, पीएचडी किंवा पुढचं प्रशिक्षण घेऊन माणूस या शाखेत मुरतो. या प्रशिक्षणाचा आजवरचा नामांकित मार्ग म्हणजे दोन वर्षांचा पूर्णवेळ एमफिल. बंगळुरूला १९५५ साली पदविका म्हणून सुरू झालेल्या अभ्यासक्रमातून तो घडत गेला. निमहान्स, रांचीची केंद्रीय मनोरुग्ण संस्था, तेजपूरची संस्था आणि आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था अशा ठिकाणी तो शिकवला गेला. त्यासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, मग प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असे. जागा अगदी मोजक्या असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी नाव लागलं नाही म्हणून खचण्याचं कारण नाही.

मात्र ही शिडी सध्या बदलते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद केलं. चिकित्सा मानसशास्त्राला शैक्षणिक वर्ष २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली होती, आणि पुनर्वास परिषदेने पदवी स्तरापासूनचे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. मोठ्या भावंडांनी सांगितलेली वाट म्हणूनच डोळे झाकून धरू नये. परदेशात वाट आणखी लांब आहे. अमेरिकेत १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेने घालून दिलेल्या चौकटीनुसार डॉक्टरेट, इंटर्नशिप आणि त्यानंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी लागते. ब्रिटनमध्ये चिकित्सा मानसशास्त्राची डॉक्टरेट झाल्यावर न्यूरोसायकॉलॉजीची वेगळी अर्हता घ्यावी लागते. भारतातली पदवी नेऊन तिथे थेट काम करता येत नाही.

या विद्येचा दावा किती ताणायचा, याचाही धडा महाराष्ट्रातच आहे. २००८ साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीला पुराव्यात स्थान मिळालं आणि जगभर चर्चा झाली. ऐकलेली गोष्ट आणि स्वतः केलेली गोष्ट यांतला फरक लहरींवरून कळतो, असा त्या तंत्राचा दावा होता. अनेक मेंदूवैज्ञानिकांनी त्याला पुरेसा आधार नसल्याचं म्हटलं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या कुणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाहीत असा निकाल दिला. मेंदूचं रंगीत चित्र आणि वळणावळणाचा आलेख दिसला की लोक दिपतात. न्यूरोसायकॉलॉजिस्टने दिपू नये, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

शेवटची विनंती विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना. ‘न्यूरोसायकॉलॉजी’ हा शब्द सध्या चलनात आहे आणि काही आठवड्यांत प्रमाणपत्र देणाऱ्या ऑनलाइन वर्गांच्या जाहिराती खूप येतात. ज्ञान म्हणून ते करावेत, पण त्यांतून परवाना मिळत नाही आणि नोंदणीशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणं कायद्याने गुन्हा आहे. फी भरण्याआधी संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष या तिन्ही गोष्टी भारतीय पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावरच्या मान्यतेच्या यादीत ताडून पाहा. तिन्ही जुळल्या तरच पैसे भरा.